जाड नळी म्हणजे जास्त पोषण?

"नाकातून घालायची नळी जाडच मागा, तरच पेशंटच्या पोटात पुरेसं जातं." हा निरोप फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याला माणसाची काळजी असते, पण निरोप खरा नाही.

पोटात किती जायचं हे आहारतज्ज्ञांनी ठरवलेल्या कॅलरी, प्रथिनं आणि दिवसभरातल्या फीडवर अवलंबून असतं. नळी ही फक्त वाट. पातळ, गाळलेलं फीड बारीक नळीतूनही जातं, थोडं सावकाश इतकंच. जाड नळी लागते ती मुख्यतः पोटात साचलेलं बाहेर काढायला, आणि ती नाक-घसा जास्त घासते. मात्र घट्ट पेज किंवा नीट न विरघळलेली गोळी अगदी बारीक नळीत अडकते, म्हणून सगळ्यांना एकच माप चालत नाही.

पडताळून पाहा. नळीवरच्या नंबराला 3 ने भागलं की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. 12 नंबर म्हणजे 4 मिमी, 18 म्हणजे 6. आपल्या पुण्यात हॉस्पिटलजवळच्या मेडिकलमध्ये दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्यातली एक आजीच्या नाकात रात्रंदिवस राहणार आहे! टोकाचा हिरवा, केशरी रंगही मापच सांगतो, दर्जा नाही.

डॉक्टरांना खरं तर हे विचारा: नळी किती दिवस लागेल? साधारण 4 ते 6 आठवड्यांहून जास्त लागणार असेल, तर नाकाऐवजी थेट पोटातून नळी बसवण्याचा विचार होतो.