सकाळच्या पहिल्या सेल्फला टकटक वाजतं? गाडी गार असतानाच दाखवा

दिवाळी सरून हवा गार झाली की एक तक्रार हमखास येते. "सकाळी सेल्फ मारला की टकटक वाजतं, थोड्या वेळानं आपोआप थांबतं." ग्राहक जिंतूरहून, गंगाखेडहून चाळीसेक किलोमीटर गाडी चालवत परभणीला आमच्या गॅरेजमध्ये येतात, आम्ही बोनेट उघडतो, आणि इंजिन एकदम गप्प. तुमचा दिवस मोडतो, तेल जळतं, आणि आम्हाला छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

म्हणून विनंती आहे. हा आवाज दाखवायचा असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा आणि रात्रभर इथेच राहू द्या. शेडमध्ये जागा आहे, लावायचे पैसे घेत नाही. सकाळी पहिला सेल्फ आमचा मिस्तरी मारेल. शहरातल्या ग्राहकांकडे आम्ही सकाळी घरी येतो, मात्र आम्ही पोचायच्या आधी गाडी सुरू करू नका. सगळा घोटाळा इथेच होतो. "गेटमधून काढून बाहेर लावली, दोनच मिनिटं चालू होती," असं सांगतात. आम्हाला नेमकी तीच दोन मिनिटं हवी असतात! इंजिन पुन्हा पुरतं गार व्हायला सहा-आठ तास लागतात. म्हणजे तो दिवस गेलाच.

त्या दोन मिनिटांत काय कळतं?

रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या टॅपेटच्या इंजिनात ते ऑइल वर चढेपर्यंत टॅपेट वाजतात. पाच-दहा सेकंदांत आवाज थांबला तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. आम्ही आधी ऑइलची पातळी आणि फिल्टर बघतो. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो. हलक्या फिल्टरचा व्हॉल्व्ह नीट धरत नाही आणि रोज सकाळी इंजिन थोडा वेळ कोरडं फिरतं. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आवाज काही मिनिटं चालला, रेस दिली की वाढला आणि गाडी तापल्यावर गेला, तर आमचा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर. गॅस्किट (जोडातलं पॅकिंग) उडालेलं असतं किंवा स्टड (आवळायचा बोल्ट) तुटलेला असतो. गार असताना त्या फटीतून धूर टकटक करत बाहेर येतो, लोखंड तापून फुगलं की फट मिटते. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला लागून काजळीचा काळा पट्टा दिसतो. जोडावर साबणाचं पाणी मारून सेल्फ मारला तर तिथेच बुडबुडे येतात. ही परीक्षा तापलेल्या मॅनिफोल्डवर होत नाही, पाणी लगेच उडून जातं. हाच आवाज टॅपेटचा समजून हेड खोलण्यापर्यंत गेलेल्या गाड्या आमच्याकडे आल्या आहेत. काम निघालं एका स्टडचं.

टॅपेटचा गॅप (टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट) वाढला असेल तर आवाज बारीक, एकसारखा, वरच्या कव्हरखालून येतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाला लावली की कुठला सिलिंडर ते कळतं. सीएनजीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: तुमच्या गाडीत व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) झिजून गॅप कमी होण्याची शक्यता जास्त, आणि टाइट टॅपेट वाजत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. म्हणून आवाज नसला तरी कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला गॅप तपासून घ्या.

खालून जड ठोका येत असेल, गाडी तापल्यावर किंवा चढाला वाढत असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर मात्र रात्रभर लावायची वाट बघू नका आणि चालवतही आणू नका. इंजिन बंद करा, फोन करा, टोइंग पाठवतो.

"जाड ऑइल टाका, आवाज जाईल" हा सल्ला फार फिरतो. आवाज दबतो हे खरं. पण परभणीत पारा आठ-नऊ अंशांवर येतो तेव्हा तेच जाड ऑइल वर चढायला जास्त वेळ घेतं, आणि झीज त्याच वेळात होते. पुस्तकात ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल लिहिलं असेल तर आम्ही २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकत नाही, ग्राहकानं आग्रह केला तरी.

या तपासणीचे पैसे घेतो, तेव्हा "नुसतं ऐकायचे कसले पैसे?" असंही विचारतात. एक माणूस चावीवर, एक बोनेटखाली, तासभर वेळ आणि त्यासाठी लवकर उघडलेलं गॅरेज, याचे ते पैसे. काम आमच्याकडे केलंत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते. दुसरीकडे केलंत तरी काय निघालं ते कागदावर लिहून देतो.

येताना मागच्या ऑइल बदलाचं बिल आणा. बोनेट उघडून बाहेरून घेतलेला पहिल्या सेल्फचा मोबाइल व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. त्याच्यावरून कुठे बघायचं ते ठरवता येतं, निदान मात्र गाडीवरच होतं. गाडी सायंकाळी सातच्या आत लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चावी काउंटरवर द्या.