राजाची चाल (बुद्धिबळ) : नवशिक्यांसाठी अध्यापन

बुद्धिबळात राजा आडवा, उभा किंवा तिरका, कोणत्याही दिशेने एकच घर सरकतो. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या माऱ्यात असलेल्या घरात त्याला जाता येत नाही. नियमाचा पहिला भाग पाच मिनिटांत शिकवून होतो. दुसरा भाग कळण्यासाठी बाकीच्या सर्व मोहऱ्यांच्या चाली पक्क्या असाव्या लागतात, आणि त्यामुळे मुंबईतील मे महिन्याच्या सुट्टीतल्या वर्गांत काही शिक्षक राजाला मुद्दाम सर्वांत शेवटी पटावर आणतात.

रिकाम्या पटावर एकटा राजा ठेवून घरे मोजून घेणे हा पहिला पाठ होय : मध्यभागी ८, कडेला ५, कोपऱ्यात ३. चाळीच्या गॅलरीतील चौकोनी फरशांवर मुलालाच राजा करून हा पाठ अधिक चांगला होतो. पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला राजा सरळ गेला काय किंवा तिरक्या चालींनी वळसा घेऊन गेला काय, चाली सातच लागतात. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांची १९२१ मधील प्रसिद्ध कोडेवजा रचना याच गुणावर उभी आहे, पण ती दाखवण्याची घाई करू नये.

खरी चूक शह बसल्यावर होते. राजा ई४ वर (‘ई’ या उभ्या रांगेतील चौथ्या घरात) असताना ई८ वरील हत्तीने शह दिला की नवशिका हमखास ई३ वर मागे सरतो, कारण ते घर त्याला राजाच्या पाठीमागे झाकलेले दिसते. अशा वेळी राजा उचलून हातात धरावा आणि ई८ पासून ई१ पर्यंत बोट फिरवून दाखवावे. शेजारी आलेला वजीर ‘फुकट’ समजून मारणे, त्याला उंटाचा जोर आहे हे न पाहणे, ही दुसरी नेहमीची चूक.

घरी आजोबांकडून शिकलेल्या मुलाला देशी पद्धत ठाऊक असते : शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची चाल. वर्गात तिची जागा किल्लेकोट, म्हणजेच कॅसलिंग, घेते. त्यात राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे जातो. राजाला शह असताना किंवा माऱ्यातले घर ओलांडून ते करता येत नाही, आणि हात आधी राजालाच लावायचा असतो.

सोसायटीच्या आवारात ‘राजा खाल्ला’ म्हणून डाव संपतो. स्पर्धेत राजा मारला जात नाही : शहात राहणारी चाल नियमबाह्य ठरते, प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात, आणि दुसऱ्यांदा तसे झाल्यास सहसा डावच जातो.