सॉलोमन बेटांतील वांशिक संघर्ष आणि आंतरराष्ट्रीय मदत

नैर्ऋत्य प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटे या तेव्हाच्या सुमारे चार लाख वस्तीच्या देशात १९९८ ते २००३ या काळात ग्वाडलकॅनाल बेटाचे मूळ रहिवासी आणि मलैता बेटावरून तेथे येऊन वसलेले लोक यांच्यात सशस्त्र संघर्ष झाला. तो मिटवण्यासाठी आलेली परदेशी मदत काही काळ संघर्षालाच पोसत राहिली.

वादाचे मूळ जमिनीत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानी ग्वाडलकॅनालवरील होनियारा येथे आली आणि नोकऱ्यांसाठी, पामतेलाच्या मळ्यांवरील कामासाठी मलैताचे लोक येऊ लागले. ग्वाडलकॅनालच्या बहुतेक भागांत जमिनीचा हक्क आईच्या कुळाकडून चालत येतो. पुरुषांनी परस्पर मलैताच्या लोकांना दिलेल्या जमिनींबद्दल पुढच्या पिढीत असंतोष साचत गेला. १९९८ च्या अखेरीस तेथील सशस्त्र तरुणांनी मलैताच्या वस्त्यांवर हल्ले सुरू केले आणि वीस हजारांहून अधिक लोक बेघर झाले. प्रत्युत्तरादाखल उभ्या राहिलेल्या ‘मलैता ईगल फोर्स’ने ५ जून २००० रोजी काही पोलिसांच्याच साथीने होनियारातील शस्त्रागार ताब्यात घेतले व पंतप्रधान बार्थोलोम्यू उलुफालू यांना ओलीस धरून राजीनामा द्यायला लावले. उलुफालू स्वतः मलैताचेच होते.

त्याआधी १९९९ मध्ये राष्ट्रकुलाचे दूत म्हणून सितिवेनी राबुका यांनी एक समझोता घडवून आणला होता. फिजीत १९८७ मध्ये स्वतः लष्करी उठाव केलेल्या माणसाकडे शिष्टाई सोपवली जावी, हा योग विलक्षणच म्हणायचा. तो समझोता टिकला नाही. ऑक्टोबर २००० मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे झालेल्या करारात शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना माफी आणि नुकसानग्रस्तांना भरपाई देण्याचे ठरले. देखरेखीसाठी परदेशी निरीक्षक आले, पण तेही निःशस्त्र. भरपाईसाठी सरकारने तैवानकडून अडीच कोटी अमेरिकी डॉलरचे कर्ज घेतले. शिंपल्यांच्या माळा आणि डुकरे देऊन दोन कुळांनी वैर मिटवण्याची या बेटांवरील रीत जुनी आहे. परंतु येथे रोख पैसा आला आणि तो बंदूकधारी, माजी पोलीस व राजकारणी यांनी दावे फुगवून लाटला. पुढे तर सशस्त्र टोळ्या धाक दाखवून सरकारी तिजोरीतून पैसे वसूल करू लागल्या. करारावर सही न केलेल्या हॅरल्ड कीके या ग्वाडलकॅनालच्या बंडखोर नेत्याच्या टोळीने त्या बेटाच्या दक्षिणेकडील वेदर कोस्ट या किनाऱ्यावर दहशत बसवली आणि २००३ मध्ये ‘मेलनेशियन ब्रदरहुड’ या अँग्लिकन धर्मसंघाच्या सात सदस्यांना ठार मारले.

सैन्य पाठवणे हा मूर्खपणा ठरेल, असे ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर डाउनर यांनी जानेवारी २००३ मध्ये लिहिले होते. सहा महिन्यांत धोरण फिरले. पंतप्रधान ॲलन केमाकेझा यांनी मदतीची विनंती केली, तेथील संसदेने त्यासाठी खास कायदा संमत केला आणि पॅसिफिक आयलंड्स फोरम या प्रादेशिक संघटनेच्या, संकटातील सदस्य देशाला सामूहिक मदत करण्याविषयीच्या २००० सालच्या बिकेतावा जाहीरनाम्याचा आधार घेऊन २४ जुलै २००३ रोजी ‘रॅमसी’ हे प्रादेशिक साहाय्य पथक होनियारात उतरले. सुरुवातीच्या सुमारे २,२०० जणांत सैनिक होते, पण पुढाकार पोलिसांकडे होता. ऑगस्टमध्ये कीके शरण आला. काही महिन्यांत साडेतीन हजारांहून अधिक शस्त्रे गोळा झाली. अर्थखात्यात व न्यायालयांत परदेशी अधिकारी बसल्यामुळे तिजोरीवरील दरोडेही थांबले.

जमिनीच्या हक्कांचा प्रश्न मात्र रॅमसीने हाती घेतला नाही. एप्रिल २००६ मध्ये स्नायडर रिनी यांच्या पंतप्रधानपदी निवडीनंतर होनियारातील चायनाटाउन जाळले गेले, तेव्हा हे पथक तेथेच होते. ३० जून २०१७ रोजी त्याचे काम संपले. नोव्हेंबर २०२१ च्या दंगलीत ऑस्ट्रेलियाचे पोलीस सरकारच्या विनंतीवरून पुन्हा आले आणि २०२२ मध्ये त्याच सरकारने चीनशी सुरक्षा करार केला.