मँगोस्टीनच्या सालीतील अँटिऑक्सिडंट: पार्श्वभूमी

आग्नेय आशियातील मँगोस्टीन या फळाचा पांढरा गर खाल्ला जातो. रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष मात्र त्याच्या जाड, जांभळट सालीने वेधून घेतले, कारण अतिसार आणि जखमा यांवर ती तेथील पारंपरिक उपचारांत वापरली जात असे. १८५५ मध्ये श्मिड यांनी या सालीतून एक पिवळे स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले आणि ते मँगोस्टिन या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या रेणूची नेमकी रचना समजायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी येट्स आणि स्टाउट यांनी ती मांडली: एकमेकींना जोडलेल्या तीन कड्यांचा झँथोन सांगाडा आणि त्यावर दोन प्रेनिल (पाच कार्बन अणूंच्या) शाखा. पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवणे आणि तो ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या शंभराहून अधिक वर्षांच्या अंतरावरून चांगलेच ध्यानात येते.

वेगळे करण्याचे कामही वाटते तितके सरळ नाही. सालीच्या अर्कात अनेक झँथोन एकत्र असतात. आज अल्फा-मँगोस्टिन म्हणून ओळखले जाणारे मूळ संयुग आणि गॅमा-मँगोस्टिन यांच्यात अवघ्या एका मेथिल गटाचा फरक आहे. अशी भावंडे केवळ स्फटिकीकरणाने सुटी करणे अवघड असते. म्हणूनच वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या अभ्यासातून वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केलेली स्तंभ-क्रोमॅटोग्राफी या क्षेत्रात निर्णायक ठरली. सिलिका भरलेल्या नळीतून अर्क विद्रावकासोबत उतरताना प्रत्येक घटक आपापल्या वेगाने खाली येतो आणि वेगवेगळ्या अंशांत गोळा करता येतो. शुद्ध झालेला अंश पुढे एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रकांच्या प्रतिसादावरून रेणूची रचना उलगडणारे तंत्र) आणि रेणूचे वस्तुमान दाखवणारा वस्तुमान वर्णपट यांच्या आधारे ओळखला जातो.

अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे मुक्त मूलकांना (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या, सहसा अतिक्रियाशील कणांना) निष्प्रभ करण्याची क्षमता, मोजण्याची एक सोपी पद्धतही योगायोगाने १९५८ मध्येच ब्लॉइस यांनी प्रसिद्ध केली. डीपीपीएच या स्थिर मुक्त मूलकाचे जांभळे द्रावण हायड्रोजन देणाऱ्या संयुगाच्या सान्निध्यात फिके पिवळे पडते आणि ५१७ नॅनोमीटरजवळचे त्याचे प्रकाशशोषण घटते. कोणत्या अंशाने रंग अधिक उतरवला हे पाहून पुढील शुद्धीकरणाची दिशा ठरवता येत असल्याने फळांवरील संशोधनात ही चाचणी सर्रास रूढ झाली.

परीक्षानळीतील ही घट शरीरातील परिणामाचा पुरावा मानण्याची घाई मात्र पुढे फार झाली, असे मला वाटते. अशाच एका मोजमापावर, म्हणजे ओरॅकवर (मुक्त मूलक शोषण्याच्या क्षमतेच्या परीक्षानळीतील मापावर), आधारलेली खाद्यपदार्थांची माहितीसूची अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. या आकड्यांचा मानवी आरोग्यावरील परिणामांशी संबंध सिद्ध होत नाही आणि उत्पादनांच्या जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, अशी कारणे विभागाने दिली.