लोकलचं चाक आणि मारिओ आंद्रेत्तीचे टायर

1967 साली डेटोना 500, 1969 साली इंडियानापोलिस 500 या अमेरिकेतल्या दोन मोठ्या मोटार शर्यती आणि 1978 साली फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद. या तिन्हींवर नाव कोरणारा ड्रायव्हर आजवर एकच झाला, मारिओ आंद्रेत्ती.

डेटोनाची स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसणारी शर्यतीची गाडी, दीड टनाहून जड आणि तिथली वळणं 31 अंशांनी कललेली. फॉर्म्युला वनची गाडी तेव्हा जेमतेम सहाशे किलोची, उघड्या चाकांची. शिवाय आंद्रेत्ती मातीच्या ट्रॅकवरही धावायचा, जिथे गाडी आडवी घसरवतच वळवावी लागते. धाडस तर त्याच्यात होतंच, पण मला थक्क करतो तो त्याचा अभ्यास. एका ट्रॅकवर शिकलेलं दुसरीकडे नेमकं कुठे लागू पडेल, हे त्याला उमगायचं. याचं सर्वांत सुरेख उदाहरण टायरचं आहे, आणि ते समजून घ्यायला मुंबईकराला लोकल पुरे.

लोकलच्या डब्याखाली दोन चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. एक जेवढं फिरेल तेवढंच दुसरंही फिरणार. आपल्या ब्रॉडगेज रुळांमध्ये 1676 मिलिमीटर अंतर असतं. गाडीने पूर्ण गोल फेरी मारली तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा दहा मीटरहून जास्त धावावं लागेल. गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच. मग जखडलेली चाकं हे जमवतात कसं? चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, किंचित उतरता असतो. डब्याच्या आतल्या बाजूला व्यास जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. वळणावर आस थोडा बाहेर सरकतो, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर आणि आतलं लहान व्यासावर धावू लागतं, आणि जोडी आपोआप वळते. वळण फारच तीव्र असलं की हा उतार पुरा पडत नाही, चाकं रुळावर घसटतात. हार्बर लाइनवर सँडहर्स्ट रोड सोडून डॉकयार्ड रोडकडे वळताना कानठळ्या बसवणारा जो कर्कश आवाज येतो, तो याच घसटण्याचा.

अमेरिकेतल्या ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच. म्हणून तिथे मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेराने जरासा मोठा लावतात. याला स्टॅगर म्हणतात. वळणावर गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते. सरळ पट्ट्यात मात्र तिला स्टिअरिंगने धरून ठेवावं लागतं. ओव्हलवर मुरलेल्या आंद्रेत्तीने ही युक्ती युरोपात, लोटस संघात नेली. तिथे वळणं दोन्हीकडची, पण बऱ्याच ट्रॅकवर उजवी जास्त. म्हणजे हिशेब उलटा करायचा आणि फरक अगदी थोडा ठेवायचा. त्या काळात एकाच मापाचे टायरही घेरात थोडे कमी-जास्त निघत, त्यामुळे ते मोजून, जुळवून लावण्याला मोल होतं.

1978 ची लोटस 79 ही गाडी तर त्याच्या सगळ्या सवयींची परीक्षा होती. गाडीच्या दोन्ही कुशी खालून उलट्या पंखासारख्या घडवलेल्या. खालच्या अरुंद वाटेतून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. वजन वाढवूनही टायरची पकड वाढते, पण मग वळवायचं वजनही वाढतं. इथे पकड मिळते, वजन वाढत नाही. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट तर ओढ चौपट. म्हणजे वेगवान वळणावर भीतीने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पकडच कमी होते! मातीवर घसरायला शिकलेल्या माणसाने हे अंगवळणी पाडलं आणि त्या मोसमात सहा शर्यती जिंकल्या. मोंझा इथे जगज्जेतेपद पक्कं झालं, पण त्याच शर्यतीत जखमी झालेला त्याचा संघसहकारी रॉनी पीटरसन दुसऱ्या दिवशी गेला.

मुंबईचा जेहान दारूवाला 2023-24 च्या मोसमात फॉर्म्युला वनच्या खालच्या फॉर्म्युला 2 मधून विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये गेला, तेव्हा त्यालाही असंच नव्याने शिकावं लागलं असणार. या विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परतते. त्यामुळे ब्रेक लावताना गाडी थांबवायची आणि वीजही वाचवायची, अशी दोन कामं एकाच पायाने साधावी लागतात. आपल्या नव्या लोकलही ब्रेक लावताना अशीच वीज तयार करतात, फक्त ती ओव्हरहेड तारेत परत जाते आणि दुसऱ्या गाडीच्या कामी येते.