केबिन बॅग आणि चेक-इन बॅग: दोन याद्या, दोन वेगळी भये

विमानाने जाणाऱ्याच्या सामानाचे दोन वाटे होतात. एक वाटा त्याच्यासोबत आसनापर्यंत जातो, ती केबिन बॅग. दुसरा काउंटरवर वजन करून पट्ट्यावर सोडला जातो आणि विमानाच्या पोटात जातो, ती चेक-इन बॅग. दोन्हींसाठी निषिद्ध वस्तूंच्या याद्या आहेत. बहुतेक प्रवासी समजतात की केबिनची यादी तेवढी कडक आहे आणि तिथे जे चालत नाही ते मोठ्या बॅगेत टाकले की काम झाले. हा समज अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी रोज कितीतरी लोकांच्या बॅगा पुन्हा उघडाव्या लागतात.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघाली तेव्हाची गोष्ट. पॉवर बँक महागाची वस्तू, हरवू नये म्हणून तिने ती मोठ्या बॅगेत साड्यांच्या घडीत जपून ठेवली. आणि सुपारीशिवाय तिचे चालत नाही म्हणून आजीच्या वेळचा, पितळी मुठींचा अडकित्ता हातातल्या पर्समध्ये, चंचीत. मोठ्या बॅगेची क्ष-किरण तपासणी झाल्यावर तिला बोलावून घेतले आणि बॅग उघडायला लावली. तिने पॉवर बँक काढून पर्समध्ये टाकली, बॅगेला कुलूप लावले आणि बॅग गेली. त्यानंतर अर्ध्या तासाने सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून पर्स गेली, पडद्यावर अडकित्त्याचे पाते निळे उमटले आणि जवानाने पर्स बाजूला घेतली. मोठी बॅग तिच्यापुढे उघडी होती, त्या दोन मिनिटांत अडकित्ता तिच्यात टाकता आला असता. दोन वस्तूंची फक्त अदलाबदल करायची होती. ते तिला कोणी सांगितले नाही, आणि अडकित्ता जमा करण्याच्या डब्यात राहिला.

या दोन याद्या वेगवेगळ्या प्रश्नांतून तयार झाल्या आहेत. केबिनची यादी विचारते की ही वस्तू हातात असताना माणूस काय करू शकेल. सामानकक्षाची, म्हणजे चेक-इन बॅगेची, यादी विचारते की कोणाचा हात नसताना ही वस्तू आपली आपण काय करेल. हे एकदा लक्षात आले की यादी पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

केबिनच्या यादीमागे अपहरणांचा इतिहास आहे. आपल्याकडे डिसेंबर १९९९ मधील कंदाहार प्रकरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरचा विमानतळ त्या दलाकडे सर्वप्रथम गेला. काय न्यावे आणि काय नेऊ नये याचे नियम मात्र नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो, त्यामुळे यंत्रापाशी उभ्या असलेल्या जवानाशी वाद घालून काही साधत नाही. तो नियम त्याने केलेला नसतो. चाकू, टोकदार कात्री, अडकित्ता, पाने-पेचकस या वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत आणि चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून खुशाल जातात, कारण बंद बॅगेतला चाकू कोणाला काही करत नाही. पातळ पदार्थांचा नियमही याच बाजूचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली केबिनमध्ये नेता येत नाही. बाटली अर्धी रिकामी असली तरी मोजली जाते ती बाटली, आतला द्रव नव्हे. तूप, लोणचे, आमरस हेही त्यात धरले जातात. ते मोठ्या बॅगेत घट्ट बंद करून न्यावेत.

सामानकक्षाची यादी अधिक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्याबद्दल अज्ञान जास्त आहे. लिथियमच्या बॅटरीत आतल्या आत बिघाड झाला तर ती तापते, त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वाढते, तिने उष्णता आणखी वाढते, आणि ही साखळी बॅटरीच्या एका सेलमधून शेजारच्या सेलमध्ये जाते. सामानकक्षात आग दाबण्यासाठी हॅलॉन वायू सोडण्याची सोय असते. तो उघड्या ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या पोटात सुरू झालेली ही साखळी त्याने थांबत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या मालवाहू बोइंग ७४७ विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात आग लागली ती आसनांवरच्या सामानकप्प्यात, आणि संशय पॉवर बँकेवर गेला. विमान जमिनीवर होते आणि आग दिसली, म्हणून सगळे जिवंत बाहेर पडले. पॉवर बँक आपल्याजवळ ठेवायला लावतात ती याचसाठी: धूर निघाला तर तो कोणाच्या तरी डोळ्यांसमोर निघावा, आणि विमानातील कर्मचाऱ्यांना ती वस्तू पाण्याने थंड करता यावी. वरच्या कप्प्यात कोंबण्यापेक्षा ती आसनाजवळ ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पॉवर बँकेची मर्यादा वॉट-तासांत, म्हणजे तिच्यात साठणाऱ्या ऊर्जेत, मोजतात. शंभरपर्यंत परवानगी लागत नाही, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे ती प्रवाशाला नेताच येत नाही. पॉवर बँकेवर आकडा बहुधा एमएएचमध्ये (mAh) असतो. त्याला हजाराने भागून ३.७ ने गुणावे. २०,००० ची पॉवर बँक अशी ७४ वॉट-तासांची ठरते, तर ३०,००० ची १११ वर जाते आणि विनापरवानगीची मर्यादा ओलांडते. आकडा पुसून गेला असेल तर ती जप्त होऊ शकते. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांनाही हाच नियम आहे, आणि त्यांची धातूची टोके चिकटपट्टीने झाकून ठेवावीत.

काही वस्तू मात्र दोन्हीकडे बंद आहेत. काडेपेटी आणि लायटर भारतीय विमानतळांवर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. आपल्या लोकांना सर्वांत अनपेक्षित वाटते ते सुके खोबरे. गोड्या मसाल्यासाठी म्हणून वाट्या भरून दिल्या जातात आणि विमानतळावर काढून घेतल्या जातात. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असते, साठ्यात ते आपोआप तापू शकते, आणि म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वयंज्वलनशील पदार्थांत स्थान आहे. ज्या आयांनी ते प्रेमाने बांधून दिलेले असते त्यांना हे आधी कळायला हवे. मसाला इथेच करून द्यावा.

विसरलेल्या वस्तूंमध्ये सर्वांत गंभीर म्हणजे काडतूस. घरात परवान्याची बंदूक असलेल्या कोणाची तरी जुनी बॅग मागून आणलेली असते आणि तिच्या आतल्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलेले असते. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. न्यायालये अशा प्रकरणांत जाणीवपूर्वक ताबा होता का हे पाहतात, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने असे अनेक गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर विमान चुकलेले असते आणि पुढे कित्येक महिने वकिलाचे उंबरे झिजवावे लागतात. मागून आणलेली बॅग भरण्यापूर्वी तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा.

दोन्ही याद्या व्यवस्थित पाळूनही एका ठिकाणी चूक होते. विमान भरलेले असले की दारापाशी कर्मचारी केबिन बॅगा मागून घेतात आणि सामानकक्षात पाठवतात. त्या क्षणी त्या बॅगेची यादी बदलते. बॅग हातातून देण्यापूर्वी पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या बाहेर काढून खिशात किंवा पर्समध्ये घ्याव्यात. मागे रांग असते, कर्मचारी घाई करतात, आणि बॅग उघडायचा संकोच वाटतो. तरीही उघडावी, आणि एवढ्यासाठी पॉवर बँक पहिल्यापासून बाहेरच्या कप्प्यात ठेवावी.