एन्डोसल्फान, जिनिव्हा आणि आपली पऱ्हाटी

पऱ्हाटीवर बोंडअळी दिसली की एके काळी कृषी केंद्रवाला दुसरं काही न विचारता एन्डोसल्फानचा डबा हातात द्यायचा. ते औषध बंद झालं त्यात एका आंतरराष्ट्रीय कराराचाही हात आहे, वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवर बंदी आणणारा स्टॉकहोम करार. टीव्हीवर आपल्याला फक्त सह्या आन् फोटो दिसते, खरी ओढाताण त्याच्या आधी आन् नंतरच चालते.

सही म्हणजे साक्षगंध समजा, लग्न लागते ते देश रॅटिफिकेशन म्हणजे पक्की मंजुरी देते तेव्हा. हा करार २००१ मध्ये ठरला, भारतानं २००२ मध्ये सही केली आन् मंजुरी दिली थेट २००६ मध्ये! तोवर पन्नास देशांची मंजुरी जमून २००४ मध्येच करार लागू झाला होता. आपल्याकडे मंजुरीला संसदेचं मतदान लागत नाही, केंद्राच्या मंत्रिमंडळानं हो म्हटलं की झालं. पाळायला नवा कायदा लागला तर मात्र तो संसद करते, राज्यघटनेच्या कलम २५३ खाली, आन् विषय राज्याच्या यादीतला असला तरी करू शकते, हे मला जरा खटकतेच.

आता एखादं औषध बंदीच्या यादीत टाकायचं तर आधी शास्त्रज्ञांची समिती तपासते, मातीत किती महिने टिकते, जीवांच्या अंगात साठत जाते का, वाऱ्यासोबत दूर जाते का. एन्डोसल्फान फवारलं की त्यातलं काही हवेत उडते, आन् ते सापडलं कुठं तर आर्क्टिकमध्ये, जिथं ना वावर ना पंप. २००७ मध्ये युरोपियन युनियननं त्याचं नाव पुढं केलं, भारतानं जोरदार विरोध केला, कारण ते बनवण्यात आपणच पुढं होतो. समितीत एकमत होईना म्हणून शेवटी मतदान घ्यावं लागलं.

एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हात ते यादीत गेलं, पण काही पिकांना काही वर्षांची सवलत ठेवून, आन् त्यात कापूसही होता. वरून भारतानं आधीच अट घालून ठेवलेली की यादीतला बदल आम्हाला आपोआप लागू नाही, आम्ही वेगळी मंजुरी देऊ तेव्हाच. म्हणजे नुसत्या कराराच्या भरवशावर आपली फवारणी आणखी काही वर्षं चालली असती. ती थांबली ते १३ मे २०११ ला सुप्रीम कोर्टानं देशभर बंदीचा आदेश दिला म्हणून, आन् त्यामागं होते केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांजवळचे आजारी लोक, जिथं हे औषध वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं फवारलं गेलं होतं.